रिक्त पदे : निरंक

मोजपट्टी | ७ सप्टेंबर २०२५, रात्री ९:१०

परवा भाच्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. पुण्यात तो सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रम करतो. असाइनमेंट मिळाली आहे, 'एका विकसनशील देशासाठी राष्ट्रीय श्रमबाजार माहिती प्रणालीचा आराखडा'. देश त्याने आपलाच घेतलाय. स्लाइडवर मधोमध मोठा निळा गोल आणि त्यात घुसणारे आठ बाण: भविष्य निर्वाह निधी, ई-श्रम, आयटीआय, जनगणना, पोर्टलवरच्या जाहिराती वगैरे. गोलातून बाहेर पडणारा बाण एकच, त्याच्या टोकाला 'धोरण'.

"कसं वाटलं मावशी?"

म्हटलं, "बाण सुरेख आहेत. पण प्रत्येक बाणाच्या शेपटाशी एक माणूस बसलेला असतो, फॉर्म भरणारा. तो का म्हणून भरेल?" त्याला प्रश्नच कळला नाही. म्हणून हा धागा.

माझी ३१ वर्षं एका जिल्ह्याच्या सेवायोजन कार्यालयात गेली, म्हणजे लोकांच्या भाषेत एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज. पुढे नाव दोनतीनदा बदललं, पाटी रंगवणारा मात्र तोच होता. १९५९ चा कायदा, रिक्त पदं कळवण्याच्या सक्तीचा. १ मे १९६० पासून लागू. खाजगीत २५ किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेनं दर तिमाहीला ईआर-१ हे विवरणपत्र भरायचं: किती माणसं कामावर, त्यात बायका किती, किती जागा रिकाम्या झाल्या, किती भरल्या, आणि योग्य उमेदवार न मिळाल्यामुळे कोणत्या पडून आहेत. दोन वर्षांतून एकदा ईआर-२, त्यात हुद्द्यांप्रमाणे फोड. कागदावर बघाल तर १९६० सालीच आपल्याकडे श्रमबाजार माहिती प्रणाली होती. नावही तेच, 'एम्प्लॉयमेंट मार्केट इन्फर्मेशन'.

आता त्या पडून असलेल्या जागांच्या रकान्याबद्दल. कोणत्या कामाला माणूस मिळत नाही, हे ज्याला कळलं त्याला आयटीआयत कोणती तुकडी वाढवायची हे कळलं. सगळ्या खटाटोपाचा जीव तिथे. आणि गठ्ठ्यामागून गठ्ठे उलटले तरी तिथे एकच शब्द असायचा: निरंक.

एकदा सकाळी बसमधून येताना एका कारखान्याच्या गेटवर खडूने लिहिलेली पाटी पाहिली, 'फिटर २, वेल्डर १ पाहिजेत'. ऑफिसात आले तर टेबलावर त्याच कारखान्याचं ईआर-१. रिक्त पदे: निरंक. दुपारी टाइम ऑफिसच्या कारकुनाला फोन लावला. तो अगदी प्रेमाने म्हणाला, "बाई, दोन लिहिले की तुमच्याकडून चाळीस नावं येतात. चाळीस मुलाखती घ्यायच्या कोणी? निरंक लिहिलं की काहीच येत नाही." त्याचं काय चुकलं? कायदा जागा कळवायला सांगायचा, आमच्याकडूनच माणूस घ्या असं सांगायचा नाही. आणि न कळवल्याचा दंड पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत. १९५९ साली ती रक्कम मोठी असेल.

दुसरी बाजूही तशीच. नाव नोंदवलेल्यांचा आकडा, आमच्या भाषेत 'चालू पट', एकेकाळी देशभरात चार कोटींच्या घरात होता आणि पेपरवाले तो 'बेरोजगारांची संख्या' म्हणून छापायचे. त्यात नोकरीला लागलेले होते, कॉलेजात शिकणारे होते, परगावी गेलेले होते. खाजगीत काम मिळालं म्हणून नाव कमी करायला कोण येणार? सरकारी कॉल येईल ही आशा असेपर्यंत लोक दर तीन वर्षांनी नूतनीकरणाला रांग लावत. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसती एक्स्चेंजकडून नावं मागवून भागणार नाही, वर्तमानपत्रातही जाहिरात द्या. तिथून कार्डाची किंमत उतरत गेली आणि रांगही.

तर माझा प्रश्न. अशी एखादी नोंद कोणी पाहिली आहे का, जी भरणाऱ्याला स्वतःलाच हवी असते? जाणकारांनी लिहावं. भाच्याला वीस तारखेपर्यंत मुदत आहे.


दुपारचा_चहा | ७ सप्टेंबर, रात्री ९:४८

माझं कार्ड अजून ट्रंकेत आहे. कॉल एकदाच आला, तोही लग्न होऊन मी ठाण्याला आल्यावर. वडिलांनी पोस्टमनला चहा पाजून परत पाठवलं :)

वाचतेय. छान धागा.


लेथवाला | ७ सप्टेंबर, रात्री १०:२२

ताई, तुमच्या टाइम ऑफिसवाल्याच्या जागी मी आहे. नाशिकला अंबडमध्ये माझं छोटं मशीन शॉप आहे. माणसं चोवीस. हसू नका, हा आकडा ठरवून ठेवलेला नाही. (थोडा आहे.)

दोन महिने झाले, व्हीएमसीला (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) सेटर शोधतोय. लोकांना वाटतं मशीन चालवणारा तो ऑपरेटर, संपलं. तसं नाही. ऑपरेटर जॉब लावतो, दार बंद करतो, बटण दाबतो. सेटर नवीन जॉब आला की व्हाइस सरळ करतो, डायल लावतो, टूल ऑफसेट घेतो, पहिला पीस काढून मायक्रोमीटरने तपासतो आणि मग मशीन ऑपरेटरच्या हवाली करतो. सेटर नसला की चार ऑपरेटर नुसते बसून राहतात. पगारात जवळजवळ दुपटीचा फरक. ऑपरेटर गेटवर रोज दोन येतात, सेटर नाही.

आता सांगा, देशाच्या प्रणालीत हा फरक कुठे दिसेल?


पीएचडी_अपूर्ण | ७ सप्टेंबर, रात्री ११:३५

लेथवाले, दिसणार नाही, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. आपल्याकडे व्यवसायांचं राष्ट्रीय वर्गीकरण आहे, एनसीओ २०१५. आठ आकडी कोड, त्यातले पहिले चार आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाशी जुळवलेले. चौथ्या आकड्यापर्यंत गेलात तर ७२२३: धातुकामाच्या मशीनचे सेटर आणि ऑपरेटर. दोघं एकाच खोलीत! आणि घरोघरच्या सर्वेक्षणात कोड नोंदवतात तीनच आकडी. ७२२ म्हणजे लोहार, टूलमेकर आणि तत्सम. म्हणजे तुमचा सेटर आणि आठवडी बाजारात विळ्यांना धार लावणारा लोहार सरकारदरबारी एकच.

मूळ प्रश्नाकडे येतो. ही नोंदवह्यांची दैना धोरणकर्त्यांना फार आधी कळली होती. १९७० साली दांतवाला समितीने सांगितलं की आपल्यासारख्या देशात 'बेरोजगार' असा एकच आकडा काढणं निरर्थक आहे. शेतीवरचा माणूस चार महिने राबतो, चार महिने अर्धवट, चार महिने बसून. त्यातून १९७२-७३ चं राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण आलं आणि 'नेहमीची स्थिती', 'चालू आठवडा', 'चालू दिवस' अशा तीन मोजपट्ट्या (धागाकर्तीची माफी मागून). मग सर्वेक्षणं साधारण पाच वर्षांनी व्हायची. मधल्या काळात देश आंधळा. २०१७ पासून दरवर्षीचं पीएलएफएस (नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण) सुरू झालं, आणि जानेवारी २०२५ पासून ते दरमहा आकडे देतं. नमुना वर्षाला सुमारे १ लाख कुटुंबांवरून २.७२ लाखांवर नेलाय, नमुना काढताना जिल्हा हा पायाचा घटक धरलाय. हे काम खरोखर मोठं आहे, त्याचं श्रेय द्यायला हवं.

फक्त आकडे वाचताना जपून. २०२३-२४ चा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के हा 'नेहमीच्या स्थिती'चा. एप्रिल २०२५ चा ५.१ हा 'चालू आठवड्या'चा. टीव्हीवर दोन्ही शेजारी ठेवून 'बेरोजगारी वाढली' म्हणून भांडत होते. आणि आठवड्याच्या मोजपट्टीत सात दिवसांत एक तास काम केलं तरी तुम्ही रोजगारात.

आणखी एक. आकडा बनवणं वेगळं, वेळेवर छापू देणं वेगळं. २०१७-१८ चा पहिला अहवाल, तो ६.१ टक्क्यांचा, बाहेर आला ३१ मे २०१९ ला, निवडणूक संपल्यावर. त्याआधी जानेवारीत सांख्यिकी आयोगाचे दोन सदस्य राजीनामा देऊन गेले होते. भाच्याच्या निळ्या गोलाला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे, हेही स्लाइडवर यायला हवं.


बंद_दार | ८ सप्टेंबर, सकाळी ७:१५

मी काही वर्षं कंत्राटी सर्वेक्षक होतो, टॅबलेट घेऊन फिरणारा. पीएचडी साहेबांनी वरून सांगितलं, मी उंबऱ्यावरून सांगतो.

सोलापुरात एका घरी. बाई जमिनीवर बसलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. मी विचारलं, "काय काम करता?" म्हणाली, "काही नाही, घरीच असते." हे बोलताना बोटं चालूच. पान कापलं, तंबाखू भरली, वळलं, दोरा मारला. मी टॅबवर ९२ टाकलं असतं तर ती 'केवळ घरकाम'. खोदून विचारलं, "रोज किती होतात?" तेव्हा कळलं, दिवसाला सातआठशे, सणवार नसला तर हजार. बिड्यांचा हिशेब हजारावर होतो. मग कोड बदलला आणि देशात एक कामकरी स्त्री वाढली.

स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता तो २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. त्यात खरी वाढ किती, आणि आमच्यातल्या किती जणांनी दुसरा प्रश्न विचारला म्हणून किती, याचा वाद तज्ज्ञांनी घालावा. मला एवढंच ठाऊक आहे की दुसरा प्रश्न विचारायला तीन मिनिटं लागतात आणि त्या दिवशी अजून पाच घरं बाकी असतात.

आमची दुसरी अडचण म्हणजे माझ्या आयडीचं नाव. नोव्हेंबरात बीडकडच्या एका वस्तीवर गेलो. दारांना कुलपं. ओट्यावर एक म्हातारी आणि दोन पोरं. कुलूप असलं की बदली कुटुंब घ्यायचं असतं. बदली कोण मिळणार? जो घरी आहे तो. म्हणजे जो ऊसतोडीला गेला नाही तो.


सातबारा | ८ सप्टेंबर, सकाळी ९:०२

+१. शेवटचं वाक्य वाचून दोन मिनिटं थांबलो.


कांपिनासकर | ८ सप्टेंबर, दुपारी ४:४०

ताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर आहे, ब्राझीलचं. कंपनीने पाच वर्षं तिकडे ठेवलं होतं, साओ पावलो राज्यात. पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर सांभाळायचो, त्यामुळे हे जवळून पाहिलं.

तिथे दोन नोंदी. एक मासिक, काजेद, १९६५ च्या कायद्याने आलेली: या महिन्यात कोणाला घेतलं, कोणाला काढलं. दुसरी वार्षिक, राइस, १९७५ पासून: वर्षभरात कामावर असलेला प्रत्येक माणूस, त्याचा हुद्दा, पगार, शिक्षण, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख. हुद्दा, ताई, प्रत्येकाचा हुद्दा!

आता गंमत. मी होतो तेव्हा तिथे किमान वेतनाच्या दुपटीपर्यंत कमावणाऱ्या नोंदणीकृत कामगाराला वर्षातून एकदा सरकारकडून बोनस मिळायचा, जास्तीत जास्त एका महिन्याच्या किमान वेतनाइतका. काही अटी होत्या. पण सगळ्यात मोठी अट ही की मालकाने राइसमध्ये तुमचं नाव बरोबर भरलेलं पाहिजे. नाव राहिलं, बोनस गेला. आमच्या ऑफिसात सफाईचं काम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्या कंत्राटदाराच्या अकाउंटंटने जन्मतारीख चुकवली होती. त्या बाई तीन दिवस त्याच्या टेबलासमोरून हलल्या नाहीत. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, याला म्हणतात माहितीची पडताळणी. सरकारचा एक निरीक्षक न पाठवता.

मर्यादा सांगतो. तिथेही दहातले सुमारे चार जण कुठल्याच नोंदीत नसतात, त्यांच्यासाठी घरोघरचं सर्वेक्षण आहेच. आणि २०२० मध्ये जुनी मासिक नोंद बंद करून नव्या डिजिटल व्यवस्थेतून आकडे काढायला लागले, तेव्हा जुनी आणि नवी मालिका एकमेकांशी जुळेना. अर्थतज्ज्ञ अजून त्यावर वाद घालतात. भाच्याला सांगा, फॉर्म बदलायचा असेल तर काही काळ दोन्ही सोबत चालव.


मोजपट्टी | ८ सप्टेंबर, रात्री ८:५५

कांपिनासकर, त्या बाईंना माझा नमस्कार. तीन दिवस कोणी माझ्या टेबलासमोर बसलं असतं तर मी निरंकच्या पुढे गेले असते.


तुर्भे_नाका | ८ सप्टेंबर, रात्री ९:३०

ब्राझीलला कशाला जाता? वाशीला या.

माझे वडील कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. १९६९ च्या कायद्याने माथाडी मंडळं झाली. अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली चळवळ, ती नव्याने सांगायला नको. व्यवस्था अशी: टोळी मंडळात नोंदलेली, व्यापारीही नोंदलेला. व्यापारी मजुरी थेट हमालाच्या हातात देत नाही. मजुरी आणि वर लेव्ही असं मंडळात भरतो, मंडळ कामगाराला देतं. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना हे सगळं त्या लेव्हीतून.

आता नोंद कशी होते ते बघा. गाडी लागली की किती गोणी उतरल्या हे टोळीचा मुकादम लिहितो. व्यापाऱ्याला गोणी कमी लिहिलेल्या हव्या, टोळीला एकही सुटलेली नको. वडील घरी येऊन सांगायचे, आज दहा गोणींवरून अर्धा तास बोलाचाली झाली. पण एकदा दोघांची सही पडली की तो आकडा पक्का. वडिलांना शाळा चौथीपर्यंत, पण १९९४ साली कोणत्या महिन्यात किती मजुरी झाली हे मंडळाच्या कागदावरून दाखवायचे.

याला माहिती प्रणाली कोणी म्हणत नाही, कारण ती माहितीसाठी बनवलेलीच नाही. पैशासाठी बनवली, माहिती वर आपोआप साचली. सगळं आलबेल आहे असं नाही म्हणत. बोगस टोळ्यांच्या तक्रारी आम्हीही ऐकतो.


सातबारा | ८ सप्टेंबर, रात्री १०:१२

फायदा दिला की नोंद खरी होते, हे एवढं सरळ नाही हो. एका कल्याणकारी मंडळाची गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. बांधकामावर ९० दिवस काम केल्याचा दाखला आणा, नोंदणी करा, योजना घ्या. योजनेत भांड्यांचा संच मिळतो असं गावात कळलं. पुढच्या महिन्यात आमच्या आळीतला शिंपी बांधकाम कामगार झाला, पिठाची गिरणीवाला झाला, आणि एक चुलतभाऊ झाला ज्याने आयुष्यात घमेलं उचललं असेल तर मांडव घालताना. दाखल्यावर सही ठेकेदाराची. आता हा आकडा उद्या 'राज्यातील बांधकाम कामगार' म्हणून अहवालात येणार आणि भाच्याच्या गोलात शिरणार.


पीएचडी_अपूर्ण | ८ सप्टेंबर, रात्री ११:५०

सातबारा, तुमच्या आणि तुर्भे नाक्याच्या उदाहरणात एक बारीक फरक आहे. माथाडीत सही करणाऱ्या दोघांचे हितसंबंध उलटे. गोणी वाढली की एकाचा खिसा हलका होतो. तुमच्या दाखल्यात ठेकेदाराचं काहीच जात नाही, उलट शिंप्याचे आशीर्वाद मिळतात. भांडण नाही तिथे पडताळणी नाही.

ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांच्या नोंदणीचं पोर्टल, त्याचंही थोडं तसंच. २६ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालं. टाळेबंदीत स्थलांतरित मजुरांची यादीच कोणाकडे नाही हे देशाने डोळ्यांनी पाहिलं, सर्वोच्च न्यायालयाने कानउघाडणी केली, त्यानंतर. आज ३० कोटींहून जास्त नोंदी. यादी म्हणून प्रचंड मोलाची. पण व्यवसाय आपणच सांगायचा, दुसऱ्या कोणाची सही नाही, आणि काम बदललं तर येऊन कळवायला कारण नाही. ताईंच्या चालू पटाचा मोठा भाऊ.

मला वाटतं आपल्याकडे दोन सह्यांच्या जवळ जाणारी एकच मोठी वही आहे, भविष्य निर्वाह निधीची. मालक आणि कामगार दोघांचे पैसे, दरमहा. २०१८ पासून तिचे आकडे प्रसिद्धही होतात. फक्त 'नवीन सदस्य' म्हणजे 'नवीन नोकरी' असं धरू नका. १९ माणसांच्या दुकानात विसावा आला की आधीचे १९ ही त्या महिन्यात 'नवीन' दिसतात.


लेथवाला | ९ सप्टेंबर, सकाळी ८:२०

पीएफचं मी सांगतो, दर महिन्याच्या १५ च्या आत माझा माणूस ती फाइल चढवतो. त्यात यूएएन (पीएफचा कायमचा नंबर), नाव, पगार, न भरलेले दिवस. काम काय करतो हा रकानाच नाही! पगार कळतो, पण सेटर आहे की वॉचमन ते नाही.


मोजपट्टी | ९ सप्टेंबर, सकाळी ११:०५

मग तिथे एक रकाना वाढवला तर? आयतीच दरमहा भरली जाणारी फाइल आहे. नवीन पोर्टल नको, नवीन पासवर्ड नको. मला हे एकदम पटलं, भाच्यालाही फोन करून सांगितलं.


लेथवाला | ९ सप्टेंबर, दुपारी १:४०

ताई, रकाना वाढवा, मी काय लिहीन ते आत्ताच सांगतो. सगळ्यांपुढे 'हेल्पर'.

कारण किमान वेतन कुशल, अर्धकुशल, अकुशल असं ठरतं. मी माझ्या माणसांना त्याहून जास्तच देतो, तो प्रश्न नाही. पण सरकारी फाइलीत स्वतःच्या हाताने 'कुशल' लिहून ठेवायचं आणि उद्या कोणी तेच कागद घेऊन दारात उभं राहायचं? माझा सल्लागारच लिहू देणार नाही. तुमचा जुना निरंक परत आला की नाही?


पीएचडी_अपूर्ण | ९ सप्टेंबर, दुपारी २:१५

हा धाग्यातला सगळ्यात किमती प्रतिसाद आहे, हे गंभीरपणे म्हणतोय. माहिती गोळा करणारं खातं आणि दंड लावणारं खातं यांच्यामध्ये भिंत नसेल तर कोणताही रकाना खरा भरला जाणार नाही. सांख्यिकीच्या कायद्यांत ही भिंत असते: सर्वेक्षणात दिलेली माहिती कारवाईसाठी वापरता येत नाही. प्रशासकीय नोंदींना तशी भिंत नाही, कारण त्या कारवाईसाठीच असतात.


खडूफळा | ९ सप्टेंबर, रात्री ९:००

सगळे मालक आणि सरकारबद्दल बोलताहेत, मी तिसऱ्या बाजूने लिहितो. ज्याला ही माहिती वेळेवर मिळायला हवी होती तो मी.

२००७ ला बारावी झालो. आमच्या भागात तेव्हा डी.एड. म्हणजे सोन्याची कोंबडी. दोन वर्षं शिका, शिक्षणसेवक व्हा, तीन वर्षांनी कायम. सिन्नरहून एसटीने जायचो, वाटेत दर वर्षी एका नव्या डी.एड. कॉलेजची कमान दिसायची. वडिलांनी अर्धा एकर गहाण टाकली. २०१० ची शिक्षक भरतीची सीईटी दिली. मग २०१२ ला भरतीच थांबली. त्यानंतर टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली, भरतीचं पवित्र पोर्टल आलं, आणि मी तोवर स्टेशनरीचं दुकान टाकलं होतं.

मला राग आकडा नसण्याचा नाही. आकडा होता! दर वर्षी किती शिक्षक निवृत्त होणार हे सेवापुस्तकात लिहिलेलं. पहिलीत किती मुलं येतात हे पटावर लिहिलेलं. किती डी.एड. जागांना मान्यता दिली हे मान्यता देणाऱ्याच्याच फाइलीत. तिन्ही कागद सरकारकडे, फक्त एका टेबलावर कधी आले नाहीत. आणि आले असते तरी बारावीच्या निकालाच्या दिवशी माझ्या शाळेच्या फळ्यावर कोणी लिहिलं असतं का?


दुपारचा_चहा | ९ सप्टेंबर, रात्री ९:२०

माझ्या बहिणीचं अक्षरशः हेच. फक्त तिने शिवणक्लास काढला.


बालाघाट | १० सप्टेंबर, रात्री १०:४५

बंद_दार यांनी ज्या कुलपाबद्दल लिहिलं तसल्याच एका कुलपामागचा मी. आई-वडील तोडीला जायचे. मी आजीपाशी ओट्यावर असायचो, ती 'दोन पोरं' म्हणजे आमच्यासारखीच.

तुम्ही वह्यांबद्दल बोलताय म्हणून सर्वात चोख वही कोणती ते सांगतो. मुकादमाची. माझा चुलत मामा मुकादम आहे. लाल कापडाच्या बांधणीची वही, दर पानावर एक कोयता. कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. त्यापुढे उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, गेल्या हंगामात किती टन तोडला, किती खाडे केले, बाकी किती फिरली, कोणाचा जामीन. गणपती-दसऱ्याच्या सुमाराला मामाला बसल्या जागी ठाऊक असतं की कोणत्या गावात किती कोयते मोकळे आहेत, यंदा उचल किती चढलीय, कोणाचा पोरगा यंदा पुण्याला बांधकामावर गेला. तुमचं पीएलएफएस हे सांगू शकेल का?

पण हीच वही दुसऱ्या मुकादमाला दाखवली जाते. 'हा गेल्या साली पळून आला होता.' मग त्याला कुठेच उचल मिळत नाही. खरी माहिती आहे, वेळेवर आहे, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याच्याच गळ्याला लागते. भाच्याचा निळा गोल कोण कोण उघडून बघू शकतं?

आता कोयत्याचं. पीएचडी साहेब, या जोडीला कोड कोणता द्याल? टन एकत्र, मजुरी एकत्र, उचल एकत्र. माझी आई पहाटे तीनला उठून कोपीत भाकरी थापायची, मग फडात मोळ्या बांधायची, डोक्यावर घेऊन गाडी भरायची. सर्वेक्षणात कोणी विचारलं असतं तर वडील म्हणाले असते, "मी तोडतो. ती असते सोबत."


बंद_दार | ११ सप्टेंबर, सकाळी ६:५०

हेच म्हणतात. "ती असते सोबत." मी कितीदा टाइप केलंय.


मोजपट्टी | ११ सप्टेंबर, दुपारी १२:३०

बालाघाट, एक करता येईल का? मामांना विचाराल का, कोयत्याच्या पानावर बाईचं नाव लिहितात का?


बालाघाट | १३ सप्टेंबर, रात्री ८:१०

विचारलं. मामा म्हणाला, "तिचं नाव लिहून काय करू? उचल तर त्याच्या अंगठ्यावर आहे." मग थोडं थांबून म्हणाला, "पण विधवा असली अन् दिरासंगं आली, तर लिवतो. तवा बाकी कुणाकडं काढायची?"


मोजपट्टी | १३ सप्टेंबर, रात्री ९:३५

भाच्याला हे जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्याने निळा गोल काढला नाही, पण आठातले तीन बाण खोडले. उरलेल्या प्रत्येकाच्या शेपटाशी दोन रकाने केलेत: 'भरतो कोण' आणि 'खरं लिहिलं तर त्याचं काय जातं'. दुसरा रकाना भरायला त्याला फार वेळ लागतोय. पीएफच्या ओळीत 'हेल्पर' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय. सर विचारतील तेव्हा काय सांगणार, म्हटलं. म्हणाला, लेथवाल्यांचा नंबर देतो.


खडूफळा | १३ सप्टेंबर, रात्री १०:०५

अवांतर: लेथवाले, माझा मेहुणा चाकणला व्हीएमसी सेटर आहे, सहा वर्षं. आई आजारी म्हणून नाशिकला परत यायचं म्हणतोय. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, बघा.


लेथवाला | २० सप्टेंबर, संध्याकाळी ७:३०

खडूफळा, माणूस येऊन गेला. पहिला पीस त्याने माझ्यासमोर काढला, मायक्रोमीटर मला बघायलाही दिला नाही, आधी स्वतः बघितला. तिथेच ठरलं. सोमवारपासून रुजू. पेढे उधार.

मोजपट्टी ताई, एक शंका. हे पद मी एक्स्चेंजला कळवायला हवं होतं का?


मोजपट्टी | २० सप्टेंबर, रात्री ८:१५

पंचवीस माणसं असतील तर हो. मुलाखतीच्या किमान पंधरा दिवस आधी. याला धरून किती झाले?


लेथवाला | २० सप्टेंबर, रात्री ८:२१

चोवीसच. एक जण गणपतीला कोकणात गेला, तो आलाच नाही.